चौथा स्टड

धाकट्याने आपल्या वहिनीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या लग्नात नव्हे. लग्नात तो पाहुण्यांच्या गाड्या लावून देण्यात गुंतला होता. पुढचा महिनाभरही ती त्याच्या लेखी घरात वाढलेलं एक ताट होती, कमी बोलणारी आणि जेवण झाल्याबरोबर उठणारी. तिच्याकडे त्याचं खरं लक्ष गेलं ते एका मंगळवारी दुपारी, वर्कशॉपमध्ये.

तो तेव्हा वीस वर्षांचा होता. एका जाड लोखंडी पट्टीला भोक पाडायचं होतं. मध्य काढून त्याने पंच मारला होता, म्हणजे ड्रिलचं टोक जिथे बसायचं तिथे हातोडीने खूण ठोकली होती. वहिनी चहाचा थर्मास घेऊन आली. तिने थर्मास ठेवला, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, मध्य डावीकडे गेलाय."

"कुठे गेलाय?"

"डावीकडे. सुईच्या टोकाएवढा."

आप्पा, म्हणजे धाकट्याचे वडील आणि वर्कशॉपचे मालक, चष्मा कपाळावर सरकवत आले. त्यांनी कंपास लावला, दोन्ही बाजू मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग मुलाकडे न बघता सुनेला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"दिसलं," ती म्हणाली.

तिचे वडील शिंपी होते. आठव्या वर्षापासून ती शर्टांना काजं करत आली होती. शर्टाच्या पट्टीवर सात काजं असतात. त्यातलं एक जरी सुईभर सरकलं तरी बटण लावल्यावर छातीवर चुणी पडते, आणि चुणी दिसली की तिचे वडील सातही काजं उसवायला लावत. हे तिने स्वतः सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याने, थोरल्याने, चार दिवसांनी कौतुकाने सांगितलं आणि धाकट्याच्या हाती कोलीत मिळालं.

"काजवाली," तो म्हणाला. "बरं झालं. आपल्या इंजिनांना बटणं लावायची राहिलीच होती."

नाव चिकटलं. आधी वर्कशॉपमध्ये, मग गल्लीत, मग गिऱ्हाइकांच्या तोंडी. तिने त्यावर कधी हरकत घेतली नाही, आणि याचाच धाकट्याला जास्त राग येई.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी थर्मास ठेवून ती निघाली तेव्हा आप्पा म्हणाले, "जरा थांब." ती जी थांबली ती आजतागायत. आप्पांनी तिला ड्रिलला धार लावायला शिकवलं, लेथवर हात बसवला, आटे पाडायला शिकवलं. आणि सगळ्यांत शेवटी, घाई न करता, तुटलेला स्टड काढायला शिकवलं. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. एक टोक इंजिनच्या अंगात रुतलेलं, दुसऱ्या टोकावर नट. वर्षानुवर्षं ऊन, तेल, पाणी खाऊन तो आत धरून बसतो आणि एक दिवस पान्याच्या जोराखाली कट्‌कन तुटतो. मग इंजिनच्या अंगात राहिलेला तुकडा काढणं हे हाडात मोडलेली सुई काढण्यासारखं काम. आजूबाजूचा धातू मऊ, तुकडा कडक. हात जरा हलला की भोक वाकडं, आणि भोक वाकडं झालं की इंजिन भंगारात.

धाकट्यालाही ते शिकायचं होतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ड्रिल तिरपं गेलं. तिसऱ्या वेळी आप्पा दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाले, "हिचा हात थांबतो. तुझा थांबत नाही." ते रागाने म्हणाले नव्हते. हवा उकडतेय म्हणावं तसं म्हणाले. पण धाकट्याने ते वाक्य उराशी धरलं ते कायमचं.

आप्पांनी जाण्याआधी कागद करून ठेवले. रस्त्याकडचं गॅरेज, पाटी आणि कॉम्प्रेसर धाकट्याला. मागची मशीनची खोली, लेथ आणि खांबाचं ड्रिल मशीन सुनेच्या नावावर. थोरल्याच्या नाही, सुनेच्या. थोरल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. सुटे भाग आणावे, बिलं लिहावी, बायकोला लागेल ते हत्यार हातात द्यावं, यात तो सुखी होता. "बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा" असं धाकटा त्याला तोंडावर म्हणे. थोरला म्हणे, "तहान भागते ना?"

कागद वाचले गेले त्या आठवड्यात धाकट्याने गॅरेज आणि खोली यांच्यामध्ये भिंत घातली. दार ठेवलं नाही, खिडकी ठेवली नाही. वहिनीला आपल्याच खोलीत जायला बाजूच्या बोळातून वाट काढावी लागली. भिंत पुरी होण्याआधी आप्पांची हत्यारांची पत्र्याची पेटीही त्याने उचलून घरी नेली.

"काय करायचीय ती तुम्हाला?" त्याच्या बायकोने विचारलं.

"तिच्याकडे नको, म्हणून आणली."

पुढची अकरा वर्षं भिंतीच्या दोन बाजूंनी युद्ध चाललं. धाकट्याने कॉम्प्रेसर मुद्दाम भिंतीला चिकटवून बसवला. ती बारीक भोक पाडायला लागली की भिंत थरथरे. वहिनीने नगरपालिकेत अर्ज दिला, माणूस येऊन मोजून गेला आणि कॉम्प्रेसर चार हात सरकवावा लागला. मग धाकट्याने बोळाच्या तोंडावर नादुरुस्त स्कूटर उभ्या करायला सुरुवात केली. वहिनी रोज सकाळी येऊन एकेक स्कूटर उचलून त्याच्या दारात आडवी लावून ठेवी, अगदी ओळीत, दोन स्कूटरमध्ये सारखं अंतर सोडून. बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर पलीकडच्या सायकलदुकानदारामार्फत, आणि तो बिचारा दोन्हीकडचे शब्द गाळून उरेल तेवढं पोचवी.

वहिनीचा स्वभावही काही लोण्याचा नव्हता. जुन्या रेनकोटचा शिवलेला ॲप्रन, डोक्याला घट्ट रुमाल. ड्रिलची टोकं मापाप्रमाणे बटणांच्या डब्यात लावलेली. येणाऱ्याला बसायला खुर्ची नाही. काम पुढे ठेवलं की ती पहिला प्रश्न विचारी, "आधी कोणी हात लावला?" खोटं बोललात तर काम परत. खरं बोललात तर आधी दोन शब्द ऐकून घ्यायचे आणि मग काम. मोठमोठी माणसं तिच्या दारात खाली मान घालून उभी राहत आणि बोळातून बाहेर पडल्यावर तिला नावं ठेवत. पुन्हा काही तुटलं की पुन्हा येत.

धाकट्याच्या गॅरेजचं मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललं होतं. नव्या स्कूटर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जात. त्याच्याकडे पंक्चर, केबल, ब्रेक एवढंच उरलं होतं. अशात हाडांचे डॉक्टर आपली जुनी मोटरसायकल घेऊन आले.

गाडी डॉक्टरांपेक्षा वयाने मोठी होती. एकच सिलिंडर, पण उंच. टाकीवरचा रंग जागोजागी उडालेला. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. डॉक्टरांना इंजिन उघडून हवं होतं.

"जपून हं," डॉक्टर म्हणाले. "याचं खालचं केसिंग जगात आता मिळत नाही. मी दहा वर्षं शोधतोय, एक जादा असावं म्हणून."

"डॉक्टर, असली कामं मी डोळे मिटून करतो."

"उघडे ठेवून करा. आणि ही जमली तर आमच्या मंडळींच्या आणखी अकरा जुन्या गाड्या आहेत. सगळे चांगला माणूस शोधतायत. मी पुढच्या रविवारी अकराला येतो, काय झालंय ते बघायला."

अकरा गाड्या. धाकट्याने त्या दिवशी जेवताना बायकोला तीनदा सांगितलं. पंक्चरं बंद, स्कूटर बंद, पाटीवर नवं नाव.

सिलिंडर उतरवला. केसिंगमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचात, चार स्टड होते. तीन स्टडांवर दोन-दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावला, ते कुरकुरत निघाले. चौथा हलेना. तेल सोडायचं आणि दोन दिवस वाट बघायची, हे त्याला माहीत होतं. त्याने तेल सोडलं आणि दोन तास वाट बघितली. मग पान्याला लांब पाइप अडकवला आणि अंग टाकलं.

कट्‌.

स्टड केसिंगच्या तोंडाशी सपाट तुटला. इथे तरी थांबायचं. पण त्याने पंच मारला, हातातलं ड्रिल चालवून तुकड्यात भोक पाडलं आणि त्यात इझीआऊट ठोकला. इझीआऊट म्हणजे उलट्या आट्यांची निमुळती खीळ. ती उलटी फिरवली की आत रुतते आणि तुकड्याला घेऊन बाहेर येते. इथे ती आत रुतली आणि स्वतःच मोडली. आता भोकात असा पोलादी तुकडा होता की त्यावर नेहमीचं कुठलंच ड्रिल चालणार नव्हतं. आणि भोकाच्या कडेपासून निघालेली एक बारीक काळी रेघ त्याला दिसली.

तडा असेल का? त्याने थुंकी लावून पुसलं. रेघ राहिली. 

तो गुरुवार होता. त्याने केसिंग पोत्यात गुंडाळलं आणि सायकलदुकानदाराला म्हणाला, "जरा मागे नेऊन दे. सांग, बाहेरगावच्या माणसाचं आहे."

दुकानदार गेला आणि दहा मिनिटांत पोत्यासकट परत आला. पोत्यावर चिठ्ठी टाचलेली होती. वळणदार अक्षर. 'हात ओळखीचा आहे. ज्याचा आहे त्याने यावं.'

"काय बोलली?"

"काही नाही. पोतं सोडलं, एकदा बघितलं आणि हसली," दुकानदार म्हणाला. "म्हणजे हसल्यासारखं केलं. मला तिचं हसणं ओळखू येत नाही."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तो गेला नाही. घरी जाऊन बायकोवर ओरडला. बायकोने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी डॉक्टरांना काय दाखवणार?"

"बघीन काहीतरी."

"तुम्ही बघितलंत म्हणून तर हे झालं. तोंड शिवून घ्या आणि जा. तुमच्या तोंडासाठी मी अकरा गाड्या घालवणार नाही."

शुक्रवारी सकाळी तो बोळातून आत शिरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. खोली त्याच्या आठवणीपेक्षा लहान होती आणि लख्ख होती. थोरला कोपऱ्यात बिलं लिहीत होता. तो उठून उभा राहिला, मग काय करावं न कळून पुन्हा बसला.

वहिनीने वर पाहिलं नाही. "आधी कोणी हात लावला?"

"वहिनी, तुम्हाला माहीत आहे."

"मी विचारलं."

"मी."

"कशाने तुटला?"

"पाइप लावला होता पान्याला."

"किती लांब?"

त्याने हात पसरून दाखवले. तिने हात धुवावेत तसे पुसले. "एवढा पाइप लावून तुम्ही घराचा खांब उपटला असता. ठेवा इथे. मी काम करताना बोलायचं नाही. उभं राहायचं."

"कशाला उभं राहायचं? मला दुकान आहे."

"मग घेऊन जा."

तो उभा राहिला.

तिने केसिंग घासून धुतलं, पुसलं, त्या रेघेवर रॉकेल सोडलं आणि घड्याळाकडे बघत बसली. पाव तास. धाकट्याला पाय बदलावे लागले. मग तिने रॉकेल कोरडं पुसलं आणि खडूची भुकटी चाळून वर सगळीकडे सारखी पसरली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर झिरपतं आणि काळी रेघ उमटते.  पांढऱ्या भुकटीवर काहीच उमटलं नाही. आणखी पाच मिनिटं. काहीच नाही.

"ओरखडा आहे," ती म्हणाली. "तुमचं ड्रिल घसरलंय. नशीब तुमचं की तुमच्या अंगात आणखी जोर नव्हता."

थोरला खोकला. ते हसणं होतं हे धाकट्याला कळलं.

मग तिने भिंग घेतलं आणि तुटक्या स्टडच्या कडेवर खाली वाकली. बराच वेळ ती हलली नाही. उठली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"हा मामंजींचा स्टड आहे."

"कशावरून?"

"इकडे या. इथे बघा. स्टड आणि केसिंग यांच्या शिवेवर. एक ठिपका आहे."

भिंगातून त्याला दिसला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा गोल ठिपका, अर्धा स्टडात, अर्धा केसिंगमध्ये, वरून ठोकून सपाट केलेला.

"केसिंगचे मूळचे आटे झिजले की मामंजी भोक मोठं करायचे आणि खालून जाड, वरून बारीक असा स्टड बसवायचे," ती म्हणाली. "तो हादऱ्याने सुटू नये म्हणून शिवेवर उभी पिन ठोकायचे. पिन काढल्याशिवाय हा स्टड कोणाच्या बापाला फिरणार नाही. ही गाडी कधीतरी इथे येऊन गेलेली आहे."

"मला आप्पांनी हे कधी सांगितलं नाही."

"सांगत होते तेव्हा तुम्ही बाहेर हॉर्न वाजवून बघत होतात."

त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं. डॉक्टरांच्या अकरा गाड्या आठवून त्याने ते गिळलं.

"आता पिन मी काढते," ती म्हणाली. "पण तुमचं भोक वाकडं गेलंय. त्याच्या मागून गेले तर मीही वाकडी जाणार. बाकीची तीन भोकं धरून चौथ्याचा खरा मध्य काढावा लागेल. त्यासाठी मामंजींनी या इंजिनची प्लेट केली होती, चार भोकांची. ती तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे काही नाही."

"पेटीत होती. पेटी तुम्ही नेलीत."

"पेटीत गंज होता नुसता. केव्हाच भंगारात दिली."

तिने ॲप्रन काढला आणि खुंटीला लावला. "मग झालं. डॉक्टरांना सांगा."

धाकटा बोळातून बाहेर आला आणि थेट घरी गेला. पेटी त्याने खरोखरच भंगारात दिली होती. आतलं काय काय बाहेर काढून ठेवलं होतं ते त्याला आठवेना. त्याने माळा उपसला, पलंगाखाली शिरला, न्हाणीघरातली बादल्यांची फळी खाली काढली. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

"काय शोधताय?"

"एक लोखंडी प्लेट. चार भोकं आहेत तिला."

बायकोने शेगडीशेजारचं गरम पातेलं उचललं आणि खाली बोट दाखवलं. "ही?"

अकरा वर्षं तिच्यावर पातेली ठेवली जात होती.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तुम्हीच दिलीत, ओटा भाजू नये म्हणून. मी म्हटलं, एवढी गुळगुळीत घासलेली, चांगलीच वस्तू दिसते."

फडक्यात गुंडाळूनही प्लेट कोमट होती. वहिनीने ती हातात घेतली, उलटी केली, नाकाजवळ नेली. "फोडणी," ती म्हणाली, आणि थोरल्याकडे बघून, "रॉकेल द्या."

तो उरलेला दिवस आणि शनिवार धाकट्याने भिंतीपलीकडून आवाज ऐकले आणि मधून मधून बोळात जाऊन दारात उभा राहिला. तिने त्याला घालवलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. आधी तिने पिन ड्रिल करून काढली. मग पोलादी नळीच्या तोंडाला दात कापले, ते तापवून तेलात बुडवून कडक केले. प्लेट तीन चांगल्या भोकांत बोल्ट आवळून केसिंगवर बसवली, म्हणजे चौथं भोक आपोआप खऱ्या जागी आलं. त्या भोकातून तिने नळी खाली उतरवली. मोडका इझीआऊट मधे जसाच्या तसा ठेवून त्याच्याभोवती गोल खाच पाडत नळी जात होती, खोल, आणखी खोल. दर दोन मिनिटांनी ती थांबे, चुरा फुंके, तेल सोडे. हात ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा. तिची घाई होत नव्हती आणि उशीरही होत नव्हता. धाकट्याला ते बघवत नव्हतं, आणि तिथून हलवतही नव्हतं.

शनिवारी दुपारी मधला गाभा इझीआऊटला घेऊन बाहेर आला. आट्यांमध्ये स्टडची पातळ साल राहिली होती, तिचं टोक तिने सुईने उचललं आणि एक एक आटा सोडवत ओढलं. उसवलेल्या दोऱ्यासारखं वेटोळं होऊन ते सगळं निघालं. आतले आटे शाबूत होते. आप्पांनी पाडलेले. संध्याकाळपर्यंत तिने लेथवर नवा स्टड केला, खालून जाड, वरून बारीक, आणि शिवेवर नवी पिन ठोकली.

"नेऊ का?" धाकट्याने विचारलं.

"न्या. कोणी काढला ते सांगा, नका सांगू, मला पर्वा नाही. माझ्या नावाची पाटी मला लावायची नाही."

हे तिने म्हटलं होतं. धाकट्याला ते पुढे अनेकदा आठवलं. ती त्याला सोडून द्यायला तयार होती.

रविवारी अकराला डॉक्टर आले. केसिंग बाकावर पांढऱ्या कापडावर ठेवलेलं होतं, उतरवलेले तीन स्टडही धाकट्याने परत बसवले होते. डॉक्टरांनी चारही स्टड हाताने चाचपले. हाडांच्या माणसाची बोटं ती.

"हा एक नवा दिसतोय."

इथे धाकट्याने नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण त्याला भीती वाटली की पुढचा प्रश्न येईल, आणि प्रश्न यायच्या आधीच त्याने उत्तर देऊन टाकलं.

"तो आधीच खराब होता, डॉक्टर. पूर्वी कुणीतरी अडाणीपणाने बसवलेला. वाकडंतिकडं काम. भलतीच पिन ठोकून ठेवली होती मधे. म्हणून तर तुटला. मी निस्तरलं सगळं."

बोळाच्या तोंडाशी वहिनी उभी होती. थोरल्याने प्लेट परत द्यायला आणली होती आणि ती त्याच्याबरोबर आली होती. धाकट्याला ती दिसली तेव्हा वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

ती आत आली. अकरा वर्षांत तिने त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ज्यांना हे अडाणी म्हणतायत ते यांचे वडील. ही पिन होती म्हणून तुमचं इंजिन एवढी वर्षं धरून राहिलं. पिन यांना दिसली नाही. यांनी पाइप लावून स्टड मोडला, मग त्यात इझीआऊट मोडला, मग लपवून माझ्याकडे पाठवला. मी काढला. मी गप्प बसणार होते."

"वहिनी, हे माझं दुकान आहे."

"दुकान तुमचं आहे. मामंजी तुमच्या एकट्याचे नाहीत. मेलेल्या माणसावर ढकलता?"

डॉक्टरांनी रुमालाने बोटं पुसली. ते धाकट्याला म्हणाले, "माझ्याकडे हाडात स्क्रू मोडतात. माझ्या हातूनही मोडतात. मोडण्याचं काही नाही. पण कोणी मोडला ते मी पेशंटच्या कागदावर लिहितो. नाहीतर पुढचा डॉक्टर चुकीच्या जागी शोधत बसतो." मग वहिनीकडे वळून, "बाकीचं इंजिन तुम्ही जोडाल का?"

"इंजिन जोडायचं काम माझं नाही. माझं काम भोकाचं."

"जोडता येतं का?"

"येतं."

"मग जोडा."

थोरला पुढे झाला. त्याने धाकट्याकडे पाहिलं नाही. केसिंग पांढऱ्या कापडासकट उचलून छातीशी धरलं आणि बोळाकडे चालू लागला. आयुष्यभर ज्याने कोणाला उलट उत्तर दिलं नाही त्या भावाची पाठ बोळात वळेपर्यंत धाकटा बघत राहिला. मग तो कॉम्प्रेसर चालू करून आला, करायला काही काम नसताना.

पुढे अकराच्या अकरा गाड्या मागे गेल्या. बोळ रुंद करावा लागला. धाकट्याच्या बायकोने एकदा विचारलं, "मी जाऊन बोलू का तिच्याशी?" तो म्हणाला, "जायचं असेल तर तिकडेच राहायला जा." ती गेली नाही, पण आठ दिवस तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. डॉक्टर रस्त्यावर भेटले तर हात वर करतात. धाकटा दुसरीकडे बघतो.

त्याचं आणि वहिनीचं बोलणं आजही नाही. त्याच्याकडे कुठल्या गाडीचा स्टड तुटला तर तो पंच मारत नाही. तो भाग आहे तसा सायकलदुकानदाराच्या हाती मागे पाठवतो. चार दिवसांनी तो दुरुस्त होऊन येतो, बिलासकट, आणि बिलावर थोरल्याच्या अक्षरात, 'आधी हात लावलेला नाही' असं लिहिलेलं असतं.

वहिनी आता साठीची आहे. गेल्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, उजव्याचा अजून काढायचा आहे. आठवड्याचे पाच दिवस ती खोली उघडते आणि बारीक भोकांची कामं सकाळी नऊ ते बारा, खिडकीचा उजेड मशीनवर असेपर्यंतच घेते.